डायनॅमो

रविवारी पहाटे साडेपाचला दुकानाची फळी काढली.
आज हवा फुकट, हे आवेलीन सरांना आधीच सांगितलं होतं.
तरी एक मुलगा स्टुलावर पाच रुपये ठेवून गेलाच.

म्हार्दोळच्या तिठ्यावर सायकली जमू लागल्या.
पणजीहून आलेल्या, पिसासारख्या हलक्या,
ज्यांच्या चेनला हात लावायची मला भीती वाटते.
बोरीच्या शाळकरी मुली,
एकीची सीट अजून वडिलांच्या उंचीला लावलेली.
पदेर टोपली अर्धी भरलेलीच घेऊन आला,
म्हणाला, आज अर्धा वाडा मला शिव्या घालणार.
आणि कुंडईच्या कारखान्यांतले सातआठ जण,
रात्रपाळी संपवून थेट, डोळे तांबारलेले.
त्यांच्या सायकली माझ्या ओळखीच्या.
कुणाचं पेडल कधी बदललं, विचारा.

सरांनी शिटी वाजवली, मग कागद उघडला.
एस्पेरांस फुर्तादो, मासळी घेऊन येताना.
मुकुंद प्रियोळकर, एकोणीस पूर्ण, वर एक दिवस.
एक अनोळखी पुरुष, भोमच्या वळणावर.
मग सर म्हणाले, "जगा."
थोडे थांबले, चष्मा पुसला.
तेवढ्या वेळात ते नाव राहिलं नाही,
सगळ्यांना केलेली विनंती झाली.
"जगा माझी," त्यांनी पुढे वाचलं. "जिल्हा कोरापुट."

जगाची सायकल मीच पांढरी रंगवली.
प्रायमरचे दोन हात, ऑइलपेंटचा एक.
पुढचं चाक मराठी चारच्या आकड्यासारखं मुरगळलेलं.
सरळ करू? विचारलं, तर सर म्हणाले, असू दे, दिसू दे.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
वाकडं चाक वाकडं ठेवून
मी त्याच्यावर रंग मारला.

पंचनाम्यात लिहिलंय, सायकलला दिवा नव्हता.
खरं आहे.
दिवा माझ्या दुकानात होता.
शनिवारी पाळीवर जाताना त्यानेच डायनॅमोसकट काढून दिला,
कॉइल जळली असेल म्हणाला.
सोमवारी ने, म्हटलं.
त्याला घाई नव्हती, मलाही नव्हती.

कॉइल जळली नव्हती. एक तार सुटली होती.
रविवारी दुपारी जेवून उठल्यावर जोडली,
पाच मिनिटं लागली, तीही स्क्रू सापडेना म्हणून.
खबर संध्याकाळी आली.

पुढे गावाहून त्याचा भाऊ आला.
त्याला सांगायला तोंड उघडलं
तर त्यानेच खिशात हात घालून विचारलं,
जगाचं तुमच्याकडे काही देणं राहिलंय?
नाही, म्हटलं. नाही रे.

आम्ही निघालो तेव्हा कुणी बोलत नव्हतं.
साठसत्तर फ्रीव्हील एकदम वाजतात
तेव्हा रातकिड्यांचं रान सोबत चाललंय असं वाटतं.
मागच्या टिपरने दोनदा हॉर्न मारला, तिसऱ्यांदा मारला नाही.
पुढच्या मुलीच्या पाठीवर पुठ्ठा,
वळणदार अक्षरात: आमकां घरा वचपाचें आसा.

कुंडईच्या उतारावर, खांबाला साखळीने बांधलेली,
ती पांढरी उभी होती.
फुलकारणीने हँडलला जायांची माळ गुंडाळली,
पदेराने कॅरिअरवर एक उंडो ठेवला.
सरांनी अर्ज वाचून दाखवला:
दिवे, गतिरोधक, चालायला हातभर कडा.
चार खांबांतला एकच पेटतो, हेही त्यात होतं.
सह्या घेतल्या. मी माझी केली, खाली दुकानाचा पत्ता लिहिला.
तो का लिहिला, कुणी विचारलं नाही.

परतताना चढ.
सूर्य मंगेशीच्या बाजूने चांगला वर आलेला.
उर्वी, मुकुंदची बहीण, माझ्या बरोबरीने आली.
"काका, दिवा चालू राहिलाय तुमचा."
माझ्या जुन्या हर्क्युलिसवर तो डायनॅमो
मी आदल्या रात्री बसवला होता.
टायरला घासत गुणगुणत होता,
उन्हात त्याचा उजेड दिसतही नव्हता.
"म्हणून जड जातेय," ती म्हणाली, "पाडू का बाजूला?"

राहू दे, म्हटलं.
ती काही बोलली नाही, पुढे गेली नाही.
चढ अजून बराच होता.